पोरांचा पगार, गुरुजींचा राजीनामा

नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबर २०२४ रोजी, मायामी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे कोच जिम लॅरानागा हंगाम अर्ध्यावर सोडून निवृत्त झाले. वय ७५. जाताना त्यांनी पत्रकारांना एक हकिकत सांगितली. वीसेक महिन्यांपूर्वी त्यांचा संघ विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला होता. त्यानंतर खेळाडूंबरोबर पहिली बैठक झाली आणि आठ जणांनी सांगितलं, आम्ही दुसरीकडे जायचं म्हणतोय. लॅरानागांनी विचारलं, का, इथं करमत नाही? पोरं म्हणाली, करमतं की, छानच आहे. पण दुसरीकडे पैसे जास्त मिळतायत. आयुष्यभर कोचिंग केलेल्या माणसाकडे यावर उत्तर नव्हतं. आपण दमलोय, असं त्यांनी सांगितलं आणि निरोप घेतला.

त्याच वर्षी जानेवारीत अलाबामाचे अमेरिकन फुटबॉलचे कोच निक सेबन यांनी शिट्टी खाली ठेवली. ऑक्टोबरात व्हर्जिनियाचे बास्केटबॉल कोच टोनी बेनेट यांनी. एकापाठोपाठ एक मोठी नावं गेली तशी अमेरिकेत एक कथा रूढ झाली: कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळायला लागले आणि चांगल्या कोचांनी हात टेकले. कथा खोटी नाही. पण ती जिथून सांगायला सुरुवात करतात, तिथे ती सुरू होत नाही.

कॉलेजचा खेळ की धंदा?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामना बघायला खेळाडूंचे मित्र आणि एखाददुसरा हौशी प्राध्यापक जमतो. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम एक लाख प्रेक्षकांचं आहे आणि ते भरतं. व्यावसायिक फुटबॉल आणि बास्केटबॉलला खेळाडू पुरवणारी मुख्य शाळा म्हणजे कॉलेजं. विद्यापीठांच्या खेळांचा कारभार पाहणारी संघटना एनसीएए, स्थापना १९०६ची. तिच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले. पुढे २०१६ साली आणखी ८ वर्षांसाठी ८८० कोटी डॉलरची भर पडली.

या पैशातून स्टेडियमं उभी राहिली, व्यायामशाळा झाल्या, कोचांचे पगार झाले. खेळाडूला मिळायची ती फी-माफी, राहायची-जेवायची सोय आणि पुस्तकं. बऱ्याच मुलांसाठी हे थोडं नव्हतं. घरातलं पहिलं कॉलेजात जाणारं मूल अनेकदा याच वाटेनं गेलं. पण त्यापलीकडे काही घेतलं तर गुन्हा. नियम इतके बारीक होते, की एके काळी संघाने खेळाडूला मधल्या वेळी बेगल (कड्यासारखा पाव) दिला तर चालायचा. त्याला चीज फासलं की ते जेवण ठरायचं आणि नियमभंग व्हायचा. २०१४ साली कनेक्टिकटचा शबाझ नेपियर राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकत असताना बोलून गेला, की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. त्याच्या नावाची जर्सी तेव्हा दुकानात विकली जात होती. काही दिवसांतच एनसीएएने जेवणावरची मर्यादा उठवली.

याहून कठोर प्रसंग १९५५चा. कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. विधवा पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ साली निकाल लागला: कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, सबब भरपाई नाही. एनसीएएचा कारभार तेव्हा वॉल्टर बायर्स यांच्या हाती होता. १९५१पासून साडेतीन दशकं त्यांनी ही बिनपगारी व्यवस्था बांधली आणि राखली. निवृत्तीनंतर, १९९५ साली, त्याच बायर्सनी पुस्तक लिहून ही व्यवस्था खेळाडूंची पिळवणूक करते असं सांगितलं. व्यवस्था उभारणारा माणूसच फिरला, तरी ती आणखी पाव शतक तशीच चालली.

जुन्या पद्धतीचा माणूस

टोनी बेनेट यांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण या सगळ्यात सर्वांत कमी राग आणि सर्वांत जास्त प्रामाणिकपणा त्यांच्याकडे दिसतो.

त्यांचे वडील डिक बेनेट हेही नावाजलेले कोच. टोनी २००९ साली व्हर्जिनियात आले. त्यांचा संघ धावपळीचा खेळ खेळायचा नाही. बचाव घट्ट, चेंडू हातात जपून ठेवायचा, प्रतिस्पर्ध्याला कंटाळा आणायचा. अशा खेळाला वेळ लागतो. पहिल्या वर्षी मुलगा बहुधा बाकावर बसतो, दुसऱ्या वर्षी त्याला बचावाची गणितं कळतात, तिसऱ्या वर्षी तो संघाचा होतो. नम्रता, झोकून देणं, एकी, सेवाभाव, कृतज्ञता ही बेनेट यांची पाच तत्त्वं.

मार्च २०१८मध्ये हा संघ देशात पहिल्या मानांकनावर होता. पहिल्याच फेरीत त्यांची गाठ यूएमबीसी या सोळाव्या मानांकनाच्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या संघाशी पडली आणि ते ७४-५४ असे हरले. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून कधीच हरलेला नव्हता. देशभर हसं झालं. काइल गाय, टाय जेरोम, डीआंद्रे हंटर ही पोरं ती नामुष्की घेऊन पुन्हा त्याच जिममध्ये आली. एप्रिल २०१९मध्ये याच संघाने टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असं हरवून अजिंक्यपद घेतलं. कॉलेज बास्केटबॉलमधली ही बहुधा सर्वांत मोठी परतफेड.

आज असा पराभव झाला तर? त्याच आठवड्यात या पोरांचे फोन वाजू लागतील. कुणी दुप्पट देईल, कुणी सुरुवातीच्या पाचांत जागा देईल. थांबायचं तर वेडेपणाच करावा लागेल.

बेनेट यांनी २०२४च्या उन्हाळ्यात कराराची मुदत वाढवून घेतली होती. हंगाम तीन आठवड्यांवर असताना, ऑक्टोबरातल्या छोट्या सुट्टीनंतर, त्यांनी संघाला आणि मग पत्रकारांना सांगितलं की मी थांबतो. वय ५५. बोलताना गळा दाटून येत होता. म्हणणं साधं होतं: जुन्या पद्धतीने हे काम करण्यासाठी मी घडलोय, नव्या पद्धतीला माझ्यापेक्षा योग्य माणूस हवा. आणि त्याच बैठकीत त्यांनी आवर्जून सांगितलं, की खेळाडूंना उत्पन्नातला वाटा मिळणं योग्यच आहे, माझ्या जाण्याचा तसा अर्थ काढू नका. बातम्यांच्या मथळ्यांत हे वाक्य फारसं आलं नाही. पण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. पैशाविषयी त्यांची तक्रार नव्हती.

मग तक्रार कशाची?

रविवारची न्याहारी

निक सेबन यांची गोष्ट वेगळ्या मापाची. सात राष्ट्रीय अजिंक्यपदं, त्यांतली सहा अलाबामाची. कडक शिस्त, रोजच्या सरावाचं एकेक मिनिट आखलेलं. १ जानेवारी २०२४ रोजी उपांत्य सामन्यात मिशिगनकडून जादा वेळेत हार झाली. दहाव्या दिवशी, वयाच्या ७२व्या वर्षी, ते निवृत्त झाले. हंगामानंतर एकेका खेळाडूशी बोलताना बहुतेकांचे प्रश्न दोनच होते, असं त्यांनी नंतर सांगितलं: पुढच्या वर्षी मी नक्की खेळणार का, आणि मला किती मिळणार? हे वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत. आपण ज्यासाठी काम केलं ते हे नव्हतं, एवढंच म्हणाले. वयाचंही कारण त्यांनी लपवलं नाही.

मार्च २०२४मध्ये वॉशिंग्टनला सिनेटरांपुढे बोलताना त्यांनी घरातली गोष्ट सांगितली. संघात यायला इच्छुक मुलं आणि त्यांचे आईबाप रविवारी सेबन यांच्या घरी न्याहारीला येत. पत्नी टेरी आयांशी बोलायच्या. मुलाची काळजी कोण घेईल, अभ्यासाचं कसं, असले प्रश्न. एक दिवस टेरींनीच विचारलं, आपण हे अजून कशाला करतोय? आता त्यांना एवढंच ऐकायचंय, की किती देणार.

टेरींचा प्रश्न खरा आहे. पण त्या न्याहारीच्या टेबलावर पैसा पूर्वीही होता, फक्त एकाच बाजूला. यजमान कोट्यवधी डॉलर कमावत होते आणि समोरचा अठरा वर्षांचा मुलगा काळजीबद्दल विचारत होता, कारण त्याला दुसरं काही मागायची परवानगीच नव्हती.

दार उघडलं, चौकट नव्हती

बदल एका दिवसात झाला नाही. यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःला खेळताना पाहिलं, तेही एक पै न मिळता. २००९ साली तो कोर्टात गेला. २०१९ साली कॅलिफोर्नियाने खेळाडूला स्वतःच्या नावावर कमावण्याचा हक्क देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९-० असा निकाल एनसीएएविरुद्ध दिला. मुद्दा शिक्षणाशी निगडित फायद्यांपुरताच होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी जोडलेल्या स्वतंत्र मतातून साऱ्या व्यवस्थेवरच बोट ठेवलं: कामगारांना वाजवी पगार द्यायचा नाही असं आपसात ठरवून दुसरा कुठलाही धंदा या देशात करता येत नाही. नऊ दिवसांनी एनसीएएने हात वर केले. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना आपलं नाव, छबी आणि ओळख वापरून कमवायची मुभा मिळाली. यालाच तिकडे ‘एनआयएल’ म्हणतात.

कल्पना अशी, की खेळाडू बुटाची जाहिरात करेल, सह्या विकेल. झालं असं, की विद्यापीठांच्या धनिक चाहत्यांनी मंडळं काढली, वर्गणी गोळा केली आणि ‘एनआयएल’च्या नावाखाली थेट खेळाडू आणायला सुरुवात केली.

याच सुमाराला दुसरी कडीही निघाली. २०१८पर्यंत दुसऱ्या कॉलेजशी बोलायलाही कोचची परवानगी लागायची. कोच नाव घेऊन सांगू शकायचा, की तिथे जायचं नाही. गेलास तर एक वर्ष बाकावर. ऑक्टोबर २०१८मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ आलं: खेळाडूने फक्त नाव नोंदवायचं, मग कुणीही त्याच्याशी बोलू शकतं. २०२१मध्ये बाकावरचं वर्ष पहिल्या बदलीपुरतं माफ झालं आणि एप्रिल २०२४मध्ये, कोर्टाच्या दट्ट्याने, कितीही वेळा जायची मोकळीक मिळाली.

पैसा आणि मोकळीक, दोन्ही न्याय्य. पण दोन्ही एकाच वेळी आली आणि मध्ये कराराचा कागद नव्हता. आयपीएलच्या लिलावातही संघाला पैशाची मर्यादा असते, खेळाडूशी करार असतो, कुणाला ठेवायचं-सोडायचं याची मुदत असते. इथे चार वर्षं यातलं काहीच नव्हतं. दर हंगामानंतर अख्खा संघ बाजारात. कोच पूर्वी सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन मनधरणी करायचा. आता ती करायचीच, शिवाय स्वतःच्या संघातल्या प्रत्येकाची दरवर्षी नव्याने. आणि वेळ कुठली? फुटबॉलचं पोर्टल उघडायचं डिसेंबरात, ऐन बाद फेरीच्या तोंडावर. २०२४च्या डिसेंबरात पेन स्टेटचा संघ बाद फेरीत असताना त्यांचा राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचणारा खेळाडू, बो प्रिबुला निघून गेला; थांबला असता तर दुसरीकडच्या जागा भरल्या असत्या. त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

तोंडी शब्दांचे घोटाळे वेगळेच. सप्टेंबर २०२४मध्ये नेवाडा-लास वेगासचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका तीनपैकी तीन सामने जिंकून संघातून बाहेर पडला. कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत, असं त्याच्या एजंटचं म्हणणं. असं काही ठरलंच नव्हतं, हे विद्यापीठाच्या चाहत्यांच्या मंडळाचं. कागद नसल्यावर खरंखोटं कोण करणार?

कोचांचे हात

आता मायामीकडे परत. लॅरानागांच्या ज्या संघाने शेवटच्या चारांत धडक मारली, त्यात नायजेल पॅक होता. तो २०२२ साली कॅन्सस स्टेट सोडून मायामीला आला, तेव्हा मायामीच्या एका धनाढ्य चाहत्याच्या कंपनीने त्याच्याशी दोन वर्षांचा ८ लाख डॉलरचा करार उघडपणे जाहीर केला, वर एक मोटार. रुपयांत सांगायचं तर सुमारे सहा कोटी. ते ऐकून मायामीच्याच आयझाया वॉंगच्या एजंटने सांगितलं, आमचेही वाढवा, नाहीतर निघालो. तो शेवटी राहिला. म्हणजे लॅरानागांना ज्या वाऱ्याने जमिनीवर आणलं, त्याच वाऱ्यावर आधी त्यांचं शीड भरलं होतं. याचा दोष त्यांच्या माथी मारायला नको. नियम तेच होते, सगळे तसंच खेळत होते. पण नुसतं ‘पोरं पैशाच्या मागे लागली’ म्हणून भागत नाही.

कोच स्वतः कशाच्या मागे होते? डिसेंबर २००६मध्ये सेबन मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे कोच होते. मी अलाबामाला जाणार नाही, असं त्यांनी पत्रकारांना ठणकावून सांगितलं. जानेवारीत ते अलाबामाचे कोच झाले. २०२३ साली टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करार मोडल्याबद्दल साडेसात कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे सहाशे कोटी रुपयांच्या वर, देणं लागलं. काम न करण्यासाठी. अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, कॉलेजचा कोच असतो.

क्लेमसनचे डाबो स्विनी २०१४ साली म्हणाले होते, की खेळाडूंना पगारी केलंत तर मी दुसरं काहीतरी करीन. खेळाडू पगारी झाले. स्विनी २०२५च्या हंगामातही क्लेमसनमध्येच होते. उलट दिशेने, सहा सुपर बोल जिंकलेले बिल बेलिचिक डिसेंबर २०२४मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, नॉर्थ कॅरोलिनाच्या कॉलेज संघाकडे आले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला कॉलेज आता ओळखीचं वाटलं, यात सगळं आलं.

मग बेनेट यांच्यासारख्यांची तक्रार कशाची होती, तर मुलाला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार गेल्याची. तो अधिकार दोन गोष्टींवर उभा होता. एक, मुलाला जाण्याची मुभा नव्हती. ही दादागिरी होती आणि ती गेली हे बरंच झालं. दुसरी, थांबण्यात खरोखर काही मिळायचं: उशिरा उमलणाऱ्या पोराला वेळ, चुकलेल्याला दुसरी संधी, हरलेल्या संघाला पुढचं वर्ष. हे शिक्षण होतं. पहिल्याबरोबर दुसरंही वाहून गेलं, कारण वेगळं करून जपण्याची तसदी कुणी घेतली नाही.

ज्यांची नावं छापून येत नाहीत

मोठे कोच सन्मानाने जातात; खरा चटका छोट्यांना बसतो. मार्च २०२५मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लोरेटो या चिमुकल्या गावाचं सेंट फ्रान्सिस विद्यापीठ १९९१नंतर पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत पोचलं आणि प्राथमिक लढतीत अलाबामा स्टेटकडून ७०-६८ असं दोन गुणांनी हरलं. कोच रॉब क्रिमेल त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले आणि विद्यापीठाने जाहीर केलं, की आता आम्ही पहिल्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत जाणार. तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही नसते. याच सुमाराला कॅलिफोर्नियाच्या कॅल पॉली विद्यापीठाने जलतरण बंद केलं.

इथे आपल्या पोरांचा संबंध येतो. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून टेनिस खेळली. पुढे हांगझो आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा. चांगलं शिक्षण, चांगले कोच, चांगलं मैदान, अशी ही वाट होती. ती टेनिस, जलतरण, ॲथलेटिक्स अशा न कमावणाऱ्या खेळांची आहे आणि पैशाची ओढाताण सुरू झाली की कात्री आधी तिथेच लागते. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर कामाची कडक बंधनं आहेत. केंटकीचा ऑस्कर शिब्वे हा काँगोचा खेळाडू, देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम. २०२२च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाला गेला तेव्हा अमेरिकेच्या हद्दीबाहेर त्याने आपले जाहिरातीचे करार उरकून घेतले. संघातले बाकीचे घरबसल्या कमावत होते.

कागद आला

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. ज्याच्या नावाचा हा खटला, तो ग्रँट हाउस ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू. कमावत्या खेळाचा खेळाडूसुद्धा नव्हे. २०१६पासून खेळलेल्यांना मागची भरपाई सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत. आणि १ जुलै २०२५पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा. पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर, आपले पावणेदोनशे कोटी रुपये. बाहेरच्या करारांची छाननी करायला वेगळी यंत्रणाही उभी राहिली. फुटबॉलचं पोर्टल २०२६पासून वर्षातून एकदाच, जानेवारीत. स्टॅनफर्डने आपलाच माजी क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला फुटबॉलचा महाव्यवस्थापक केलं. हिशेब त्याने बघायचा, शिकवायचं कोचने.

म्हणजे चौकट हळूहळू बसते आहे. पन्नास वर्षं टाळलेलं काम कोर्टाच्या दंडुक्याने चार वर्षांत उरकायचं म्हटल्यावर धूळ उडणारच, आणि त्या धुळीत काही चांगली माणसं निघून गेली. एनसीएएने नेपियरच्या उपाशी रात्रीनंतर, किंवा बायर्स यांच्या पुस्तकानंतर, स्वतःहून खेळाडूंशी बसून काही ठरवलं असतं, तर बेनेट कदाचित अजून व्हर्जिनियात बचावाची गणितं शिकवत असते.

एक कलम मात्र अजून कुणी लिहायला तयार नाही. नोव्हेंबर २०२५च्या शेवटी मिसिसिपीचे कोच लेन किफिन आपला संघ बाद फेरीत जाणार हे दिसत असताना एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) नोकरीवर गेले. बाद फेरीचे सामने सहकाऱ्याने सांभाळले. प्रिबुलाने डिसेंबरात संघ सोडला तेव्हा तो वीस-एकवीस वर्षांचा, राखीव खेळाडू होता. किफिन पन्नाशीचे आणि संघाचे प्रमुख. खेळाडूंकडून दोन-चार वर्षांची निष्ठा लिहून घ्यायची भाषा आता विद्यापीठं करू लागली आहेत. जरूर घ्यावी, थांबण्याचा मोबदला दिला तर पोरं थांबतील, आणि थांबली तर शिकतील. पण त्याच कागदावर, तेवढ्याच मुदतीची, दुसरी सही कोचची हवी.